तीन सेकंद

थोडक्यात हुकलं की जास्त लागतं हे दादाला कितीही सांगितलं तरी पटत नाही. परीक्षेची यादी लागल्यापासून घरात सगळे माझ्याशी जपून बोलतायत, आणि हा फोन करून म्हणतो, अगं एका मार्काचं काय घेऊन बसलीस. आईचं तर... जाऊ दे.

झोप येईना म्हणून परत ती अटलांटा ऑलिम्पिकची मॅरेथॉन लावली. 1996. पहिला दक्षिण आफ्रिकेचा जोसाया थुग्वाने, 2 तास 12 मिनिटं 36 सेकंद; दुसरा दक्षिण कोरियाचा ली बाँग-जू, 39 सेकंद. बेचाळीस किलोमीटर पळायचं आणि तीन सेकंदांनी गोल्ड जायचं! मी दर वेळी तो शेवटचा लॅप श्वास रोखून बघते, जणू या वेळी ली त्याला गाठेलच. शिवाय आधीच्याच ऑलिम्पिकला, बार्सिलोनाला, लीच्याच देशाचा, त्याच्या बरोबरीचा ह्वांग यंग-जो मॅरेथॉनचं गोल्ड घेऊन आलेला, म्हणजे घरी गेल्यावर तुलना कुणाशी होणार ते ठरलेलंच.

मला वाटायचं असा माणूस निदान वर्षभर तरी खोलीचं दार लावून बसेल. मी बसलेच असते, बसलेच आहे. तर हा त्याच डिसेंबरात जपानची फुकुओका मॅरेथॉन जिंकतो. मग 1998 ला बँकॉकला एशियाड गोल्ड. 2000 मध्ये टोकियोला 2 तास 7 मिनिटं 20 सेकंद, कोरियाचा नॅशनल रेकॉर्ड, वीस वर्षांहून जास्त टिकलेला, आणि तिथेही दुसराच, पाच सेकंदांनी! त्यानंतर सिडनीला पडला काय, चोविसावा आला काय. सेकंदांचा प्रश्नच उरला नाही. पुढच्या वर्षी वडील गेले, आणि थोड्याच आठवड्यांत हा कपाळाला पट्टी बांधून बॉस्टनला उभा. दहा वर्षं तिथे केनियाचेच पुरुष जिंकत होते, त्या वर्षी हा जिंकला. 2007 ला छत्तिशीत सोल जिंकला, तेही शेवटी शेवटी पुढच्याला गाठून.

म्हणजे ते तीन सेकंद भरून निघाले का? मी रात्रभर हाच हिशोब करत होते आणि तो काही जुळत नाही. बॉस्टन बॉस्टनच्या जागी, अटलांटा अटलांटाच्या जागी. त्याला फक्त पुढची शर्यत होती. मलाही फॉर्म भरायचाच आहे, भरेन, त्यात रडण्यासारखं फार काही नाही हे पहाटे पहाटे पटलं.

एकच गोष्ट अजून पचत नाहीये. 2020 पासून त्याला डिस्टोनिया, पोटाचे स्नायू आपोआप आखडायचे, पाठ वाकलेली, हातात काठी, मग ऑपरेशन. बरा होत आल्यावर, 2024 मध्ये, कोरियातल्या सामचॉकच्या मॅरेथॉनला थोडंसं अंतर धावला. ती मॅरेथॉन ह्वांग यंग-जोच्या नावाने होते. तिथेच धावला, लोकांसमोर. मला राग आला असता त्या नावाचा, आजच्या घडीला तरी नक्कीच.