चेसिलवरचे पाच खलाशी

२०२० च्या उन्हाळ्यात आमचं जहाज इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, वेमथ बेमध्ये नांगरून पडलं होतं. करोनामुळे प्रवासी नाहीत, बंदरात जागा नाही, म्हणून बऱ्याच कंपन्यांची क्रूझ जहाजं तिथे उभी होती. मी सेकंड ऑफिसर. माझी वॉच रात्री बारा ते चार. नांगरावरच्या वॉचमध्ये काम थोडं आणि डोळे सतत उघडे: वारा किती, भरती कुठल्या बाजूला ओढतेय, नांगर सरकत तर नाही ना. दर थोड्या वेळाने किनाऱ्यावरच्या दिव्यांचे कोन घ्यायचे आणि चार्टकडे बघायचं.

अशाच एका रात्री चार्टवर लक्ष गेलं. आमच्या उत्तरेला, किनाऱ्यापासून दीडएक मैलावर, बुडालेल्या जहाजाची खूण होती. अशा खुणा रोज दिसतात, माणूस त्यांना वळसा घालतो आणि विसरतो. पण महिनोन्‌महिने एकाच जागी बसल्यावर शेजारी कोण आहे हे विचारावंसं वाटतंच. शोधलं, तर ते निघालं ‘अर्ल ऑफ अॅबरगॅव्हेनी’. ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीतलं सुमारे १४०० टनांचं मोठं जहाज, बंगाल आणि चीनकडे निघालेलं. ५ फेब्रुवारी १८०५ च्या रात्री बुडालं.

कप्तान होता जॉन वर्ड्‌स्वर्थ. शाळेत डॅफोडिल्सची कविता पाठ केलेल्या कुणालाही हे आडनाव माहीत असेल. कवी विल्यमचा हा धाकटा भाऊ, वय ३२. घरात तो अबोल म्हणून ओळखला जाई. आधीच्या दोन सफरींत त्याला म्हणावी तशी कमाई झाली नव्हती. या वेळी बंगाल-चीनचा फायद्याचा मार्ग मिळाला, तेव्हा त्याने स्वतःचे, नातेवाइकांचे आणि विल्यम-डोरोथी या भावंडांचेही पैसे मालात गुंतवले. भावाने निश्चिंत बसून कविता लिहाव्यात एवढी मिळकत आपण करून आणायची, हा त्याचा मनसुबा होता. माझ्या बाबांनी हर्णैला बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, म्हणून उभा जन्म काढला आणि धाकट्या काकांना शिकवलं. म्हणून असेल, पण हा माणूस मला पहिल्याच रात्री ओळखीचा वाटला.

जहाजावर ४०२ माणसं होती. खलाशी, हिंदुस्थानात जाणारे सैनिक, चाळीस-पन्नास प्रवासी, आणि मायदेशी परतणारे ३२ चिनी. तळाशी ६२ पेट्या चांदीचे डॉलर, किंमत सुमारे सत्तर हजार पौंड. १ फेब्रुवारीला पोर्ट्‌समथहून ताफा निघाला, सोबत नौदलाचं एक फ्रिगेट. वारा उलटा फिरला, फ्रिगेट नजरेआड झालं आणि जहाजांनी पोर्टलंडच्या आसऱ्याला परतायचं ठरवलं. अॅबरगॅव्हेनीने वाटाड्या, म्हणजे पायलट, घेतला. पोर्टलंडच्या टोकापासून पूर्वेला पाण्याखाली शॅम्बल्स नावाची लांबलचक पुळण आहे. जहाज तिच्या जवळून जात असताना वारा पडला.

शिडाच्या जहाजाचा वारा पडला की सुकाणूचा जोर गेला. मग ते भरतीच्या ताब्यात. आणि पोर्टलंडच्या टोकाशी उधाणाच्या दिवसांत पाणी सात नॉटपर्यंत, म्हणजे तासाला तेराएक किलोमीटर वेगाने, पळतं. आमच्या एवढ्या मोठ्या जहाजालासुद्धा तिथे मान राखूनच जावं लागतं. त्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमारास अॅबरगॅव्हेनी पुळणीवर चढलं आणि अडीच तास तिथेच आपटत राहिलं. साडेसातला सुटलं, पण तोवर तळ फाटला होता. पंप चालू ठेवून कप्तानाने वेमथच्या वाळूकडे तोंड फिरवलं. किनाऱ्यावर चढवायचं, माणसं वाचवायची. साडेतीन तासांचा खेळ होता. त्या वेळी छापून आलेल्या हकिकतीत आहे की काही खलाशी दारू मागायला आले, तेव्हा एक तरुण अधिकारी पिस्तुलं घेऊन दारूच्या कोठाराच्या दारात उभा राहिला. रात्री अकराच्या सुमारास एका लाटेसरशी जहाज खाली गेलं. बारा वाव पाणी. किनारा दीड-दोन मैलांवर.

बारा वाव म्हणजे बहात्तर फूट. एवढ्या पाण्यात जहाज बुडालं तरी डोलकाठ्यांची टोकं वर राहतात. जे वाचले ते त्या दोरखंडांना धरून रात्रभर लटकलेले. फेब्रुवारीत तिथलं पाणी आठ-नऊ अंशांचं असतं. आम्हाला प्रशिक्षणात सर्व्हायवल सूट घालूनच थंड पाण्यात उतरवतात, तरी बोटं वाकेनाशी होतात. ते लोक ओल्या सुती-लोकरी कपड्यांत होते. दीडशेच्या आसपास वाचले, अडीचशेहून जास्त गेले. कप्तान गेला.

होड्या वेळेवर का उतरवल्या नाहीत, यावर नंतर बरीच टीका झाली. मला ही टीका सहन होत नाही. त्या काळच्या जहाजावर चारशे माणसांना पुरतील इतक्या होड्या नसतच. अंधारात, लाटांत, घाबरलेल्या गर्दीत अवजड होडी डोलकाठीच्या आधाराने पाण्यात सोडणं म्हणजे आधी जाणाऱ्यांना आधी मारणं. जहाज तरंगत होतं, किनारा दिसत होता. मी असतो तर मीही जहाज किनाऱ्यालाच नेलं असतं. कंपनीच्या चौकशीतही कप्तानावर ठपका आला नाही.

विल्यमला ग्रासमियरला ही बातमी ११ फेब्रुवारीला कळली. मग त्याने एकेक माणूस शोधून विचारायला सुरुवात केली: माझा भाऊ शेवटी कुठे उभा होता, काय करत होता. लंडनला ईस्ट इंडिया हाउसमध्ये कारकून असलेला त्याचा मित्र, लेखक चार्ल्स लॅम, याने वाचलेल्या अधिकाऱ्यांकडून माहिती मिळवून धाडली. म्हणून आज आपल्याला त्या रात्रीचा तास न्‌ तास माहीत आहे. जॉनचा देह सहा आठवड्यांनी, मार्चमध्ये, किनाऱ्याला लागला. वेमथच्या वरच्या अंगाला टेकडीवर वाइक रेजिस नावाचं गाव आहे, तिथल्या ऑल सेंट्‌स चर्चच्या आवारात त्याला पुरलं. चांदी काढायला मात्र कुणी हयगय केली नाही. जॉन ब्रेथवेट नावाच्या माणसाने बुडी मारायचं यंत्र लावून पुढच्या एक-दोन वर्षांत पेट्या वर आणल्या.

आमच्या जहाजाच्या ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवतात त्या वरच्या खोलीतून, ती टेकडी दिसायची. मी रोज दुर्बिणीतून चर्चचा मनोरा बघायचो. त्याच चर्चबद्दल वाचताना दुसऱ्या जहाजाचं नाव आलं, आणि त्या दिवसापासून अॅबरगॅव्हेनी मागे पडलं.

‘अलेक्झांडर’. मुंबईहून लंडनकडे. मार्च १८१५.

मुंबई वाचलं आणि मी खुर्चीतून उठलो.

पोर्टलंड हे खरं तर जवळजवळ बेटच. त्याला मुख्य भूमीकडे बांधतो तो चेसिल बीच, जवळपास २९ किलोमीटर लांबीचा गोट्यांचा बांध. वेमथ बे त्याच्या पूर्वेला, आसऱ्यात. पश्चिमेला लाइम बे, उघडा, सगळा अटलांटिक अंगावर घेणारा. आता नैऋत्येचं वादळ असेल आणि जहाज रात्री किंवा धुक्यात पोर्टलंडचं टोक ओलांडायच्या आत लाइम बेमध्ये शिरलं, तर काय होतं ते नीट सांगतो. चौकोनी शिडांचं जहाज वाऱ्याच्या तोंडाशी सहा पॉइंटांपेक्षा, म्हणजे सदुसष्ट-अडुसष्ट अंशांपेक्षा जवळ चालत नाही. त्यातून वादळात ते कडेकडेने घसरतं. पूर्वेला जावं तर पोर्टलंड आडवं, पश्चिमेला जावं तर स्टार्ट पॉइंट आडवा. इकडून तिकडे, तिकडून इकडे मारत राहायचं, आणि दर फेरीला किनारा थोडा जवळ. शेवटी गोटे.

अलेक्झांडर तसंच सापडलं. केप ऑफ गुड होपला वळसा घालून महिनोन्‌महिने चालून आलेलं जहाज, लंडन अगदी तोंडाशी आलेलं. २७ मार्चच्या पहाटेपर्यंत ते चेसिलवर फुटलं होतं. त्या आठवड्यात लंडनची वर्तमानपत्रं नेपोलियन पॅरिसला परत आल्याच्या बातम्यांनी भरली होती. जहाजावर दीडशेच्या घरात माणसं. त्यांतली पाच वाचली, पाचही खलाशी, लास्कर.

बातमीत ते तेवढेच आहेत. ‘पाच लास्कर’.

लास्कर हा शब्द आमच्या धंद्यात जुना. मुंबईच्या जहाजांवर हे लोक सारंगामार्फत, म्हणजे खलाशांच्या मुकादमामार्फत, भरती होत. सारंगाच्या हाताखाली तांडेल, सुकाणी, खलाशी. सारंग उचल देई आणि पगारातून कापून घेई. कोकणातले, गोव्याचे, काठेवाडचे, कच्छचे, मलायी, अरब, अशी सरमिसळ असे. नेपोलियनच्या लढायांच्या काळात गोरे नाविक नौदलात ओढले जात, म्हणून परतीच्या जहाजांवर लास्कर भरून नेत. लंडनला त्यांना शॅडवेलच्या कोंदट बराकींत ठेवत. तिथे त्यांचे इतके हाल होते की १८१४-१५ मध्ये पार्लमेंटची समिती त्यासाठी बसली होती. मार्च १८१५ मध्ये चेसिलवर रांगत वर आलेले पाच जण त्या बराकीकडे निघाले होते.

ते पाचही कोकणचे असतील असं मी म्हणत नाही. पण माझ्या बाबांना आजही हर्णैला लोक तांडेल म्हणूनच हाक मारतात. हा शब्द ज्या जहाजांवर रुळला, त्यांतलं एक माझ्या नांगरापासून काही मैलांवर, गोट्यांच्या त्या बाजूला फुटलं होतं. मला मग वॉचवर झोप यायची बंद झाली.

३ ऑगस्टला नारळी पौर्णिमा होती. गॅलीतल्या, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरातल्या, गोव्याच्या पोराने एक नारळ काढून दिला. पण समुद्रात काही टाकायला नियमाने बंदी, आणि किनाऱ्यापासून इतक्या जवळ तर सवालच नाही. मी डेकवर उभा राहून हात जोडले, नारळ परत गॅलीत दिला, त्याची चटणी झाली. घरी फोन केला तेव्हा आईने विचारलं, “वाहिलास ना?” मी हो म्हटलं. ते खोटं पुढे तीन वर्षं मनात राहिलं.

२०२३ मध्ये दुसऱ्या जहाजावर असताना पोर्टलंडला एक दिवस मुक्काम मिळाला. पाच तासांची सुट्टी. वेमथच्या एका दुकानात सोललेला, तपकिरी नारळ मिळाला आणि मी फेरीब्रिजजवळून चेसिलवर चढलो.

चढलो असंच म्हणावं लागतं. आमच्याकडची पुळण सपाट असते, हर्णैला तर ओहोटीला पाणी किती तरी लांब जातं. चेसिल म्हणजे भिंत आहे. पश्चिमेच्या टोकाला गोटे वाटाण्याएवढे आणि पोर्टलंडकडे बटाट्याएवढे. तिथले जुने कोळी अंधारात लागले तरी गोट्याच्या आकारावरून आपण कुठे आहोत ते सांगत. पाऊल टाकलं की गोटे सरकतात, एक पाऊल वर तर अर्धं खाली. १८२४ च्या नोव्हेंबरच्या वादळात समुद्र या भिंतीवरून उडून पलीकडे गेला होता, आणि ‘एबेनेझर’ नावाचं ९५ टनांचं एक गलबत लाटेने उचलून वर आणून ठेवलं होतं. ते पुढे पलीकडच्या, पोर्टलंडच्या बाजूला पाण्यात उतरवलं. त्या भिंतीच्या माथ्यावर उभं राहिल्यावर मला ते खरं वाटलं.

त्या दिवशी वादळ नव्हतं. साधा, आपल्याकडे पावसाळ्यानंतर असतो तसा समुद्र. मी पाण्यापासून दहा-बारा पावलांवर थांबलो, कुंकू सोबत होतं ते लावलं, आणि नारळ टाकला.

लाटेने तो उचलला आणि माझ्याकडे फेकला. मी वाकायच्या आत पाणी मागे फिरलं. मागे फिरताना सगळे गोटे एकदम खडखडत खाली ओढले गेले, तो आवाज अंगात शिरतो. नारळ त्यांच्यासोबत गेला. पुन्हा लाट, पुन्हा वर, आता आणखी जवळ, हात लांबवला तर मिळेल इतका. पुन्हा ओढ. माझ्या पायाखालचेही गोटे निघाले आणि मी मागे बसलो. पाच-सहा वेळा असं झालं. किनारा इतका उभा की लाट फुटते ती थेट पायाशी, आणि तेच पाणी त्याच जोराने तळाकडून मागे जातं. पोहता येणाऱ्या माणसाचे पाय टेकतात, पण टेकलेले पाय राहत नाहीत.

तो नारळ वर येत होता, जात होता, आणि मी मोजत होतो की यातून पाच माणसं वर कशी आली असतील. रात्र, मार्चची थंडी, जहाजाच्या फुटलेल्या फळ्या त्याच पाण्यात फिरणाऱ्या. दोन लाटांच्या मधल्या दोन-तीन सेकंदांत गोट्यांत कोपरं रुतवून वर सरकायचं, पुढच्या ओढीला घट्ट पडून राहायचं, पुन्हा सरकायचं. मग ही भिंत चढायची, अनवाणी.

सातव्या की आठव्या लाटेनंतर नारळ दिसेनासा झाला. मी आणखी थोडा वेळ थांबलो, तो परत येतो का ते बघत. मग आईला फोन लावला आणि सांगितलं, की आत्ता वाहिला.