देवाची बैठक

घरी देव आला तर त्याला बसायला काय द्यायचं? बायबलमधल्या अब्राहामाकडे तीन अनोळखी पाहुणे येतात, त्यातला एक खुद्द परमेश्वर. हा प्रसंग रंगवताना युरोपातल्या बऱ्याच चित्रकारांनी झाडाखाली रीतसर टेबल मांडलं. डच चित्रकार रेम्ब्रांटने १६५६ साली हेच दृश्य कागदावर छापण्यासाठी तांब्याच्या पत्र्यावर कोरलं आणि पाहुण्यांना सरळ खाली बसवलं. अंथरलेल्या गालिच्यावर, मधे ताट, हातात पेला, लांब पांढरी दाढी. आपल्याकडे लग्न ठरवायला आलेली वडीलधारी मंडळी बसतात ना, तसा थाट.

चित्र जेमतेम तळहाताएवढं, सोळा बाय तेरा सेंटिमीटर. बाजूचे दोघे देवदूत आहेत हे त्यांच्या पंखांवरून कळतं, नाहीतर कळलं नसतं. यजमान अब्राहाम सुरई घेऊन एका कडेला वाकून उभा. आणि मागे, दाराच्या अंधारात, सारा.

मला या चित्रात सगळ्यात आवडते ती हीच. पीठ मळून भाकरी तिनेच केल्या, पण बैठकीत तिला जागा नाही. कान मात्र सगळा बाहेर. पाहुणा म्हणतो, पुढच्या वर्षी हिला मुलगा होईल. नव्वदीला टेकलेली बाई दाराआड मनातल्या मनात हसते. तेवढ्यात देव विचारतो, ‘सारा का हसली?’ ती घाबरून म्हणते, मी नाही हसले. तो म्हणतो, ‘हसलीस.’ संपलं. इतक्या प्रचंड ग्रंथात देव आणि एक म्हातारी यांच्यात अशी ‘हसलीस - नाही हसले’ व्हावी, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आणखी एकजण आहे. कठड्यापाशी पाठ करून एक पोरगा धनुष्य ताणतोय. तो इश्माएल, दासीपासून झालेला अब्राहामाचा मुलगा. त्याच्या पाठीमागे जे बोलणं चाललंय त्याने त्याचंच घर सुटणार आहे. साराला मुलगा झाल्यावर याला आणि याच्या आईला बाहेर काढतात. पुढे रानात वाढून तो तिरंदाज होतो. पाहुण्यांच्या कथेत त्याचा उल्लेखही नाही, रेम्ब्रांटने त्याला मुद्दाम आणून उभं केलंय.

तर ही खाली बसायची कल्पना आली कुठून? आपल्याकडून. रेम्ब्रांट कधी हॉलंडबाहेर गेला नाही, पण ॲमस्टरडॅममध्ये त्याच्या हाती मुघल लघुचित्रं लागली होती. डच कंपनीची वखार सुरतेला होती, आपल्या वेंगुर्ल्यालाही होती. तिचे पडके अवशेष अजून उभे आहेत. नीळ आणि कापडाच्या व्यापाराबरोबर असली चित्रंही तिकडे पोचत. रेम्ब्रांटने त्यांच्या नकला काढल्या, त्यातल्या वीसहून जास्त आजही आहेत. एकीत झाडाखाली चार वृद्ध मुसलमान धर्मपंडित बसलेत, पेले वगैरे घेऊन. ती नकल लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तीच बैठक उचलून त्याने अब्राहामाच्या अंगणात मांडली. मुल्लांच्या पंगतीत ख्रिस्ती देव! कुणाची परवानगी घेतली असेल असं वाटत नाही.

साल लक्षात ठेवण्याजोगं आहे. इकडे त्याच वर्षी महाराजांनी जावळी घेतली, आणि तिकडे या गृहस्थाचं दिवाळं वाजलं. कारकुनांनी येऊन घरातल्या चीजवस्तूंची यादी केली, तिच्यात ३६३ नोंदी. शिरस्त्राणं, पुतळे, शिंपले, चित्रांचे गठ्ठेच्या गठ्ठे. घरात अशी उलथापालथ चाललेली असताना माणूस पत्र्यावर मेणाचा थर देऊन, सुईने तो ओरखडून, आम्लात बुडवून देवाच्या दाढीचा केस न् केस काढत बसलेला. व्यवहारी माणसाचं हे काम नव्हे.

तो पत्रा अजून आहे, वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत. बहुतेक जुने पत्रे पुढच्या मालकांनी छापून छापून झिजवले, पुन्हा कोरून बिघडवले. हा निराळ्याच वाटेने गेला. पीटर खेसेल्स नावाच्या चित्रकाराला रंगवायला तांबं हवं होतं. त्याने पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर एक निसर्गचित्र रंगवून टाकलं. लोक पुढे ते निसर्गचित्रच बघत राहिले, आणि देव, देवदूत, सारा सगळे भिंतीकडे तोंड करून.