तुम्ही विचारलंत म्हणून : जुनाट बद्धकोष्ठ आणि आतड्यातले जिवाणू

मी बेळगावात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो, एवढे कळले की लग्नाच्या पंगतीतही कोणीतरी जवळ सरकून हळू आवाजात विचारतोच : "सर, वर्षानुवर्षांचे बद्धकोष्ठ हे पोटातले जिवाणू बिघडल्यामुळे असते म्हणे. मग मलातल्या जिवाणूंची ती नवी तपासणी करून घेऊ का?" टिळकवाडीतल्या निवृत्त मंडळींपासून खानापूर-निपाणीकडच्या पालकांपर्यंत सर्वांचा प्रश्न जवळपास हाच असतो. पंगतीत त्याचे सविस्तर उत्तर देणे कोणालाच रुचणार नाही, म्हणून ते येथे लिहितो.

जुनाट बद्धकोष्ठ असलेल्यांच्या आतड्यातील जिवाणू इतरांपेक्षा वेगळे असतात, हे खरे आहे. मात्र तो वेगळेपणा त्रासाचे कारण आहे की त्रासाचाच परिणाम, हे मलाच्या एका नमुन्यावरून ठरवता येत नाही, आणि म्हणून काही हजार रुपये मोजून ती तपासणी करून घेण्याचा सल्ला मी कोणाला देत नाही.

आपल्याकडे गळीत हंगामात कारखान्याच्या दारात उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागते आणि तोडलेला ऊस दोन-तीन दिवस उन्हात ताटकळतो, तेव्हा त्यात ल्युकोनॉस्टॉक नावाचे जिवाणू वाढून रस चिकट होतो आणि उतारा घटतो. त्या रसाची तपासणी केली तर हे जिवाणू भरपूर सापडतील. परंतु रांग त्यांच्यामुळे लागली, असे कोणताही शेतकरी म्हणणार नाही. मोठ्या आतड्यातही असेच घडते. मल तेथे जितका अधिक काळ रेंगाळतो तितके त्यातले पाणी शोषले जाते, जिवाणूंना हवी असलेली पिष्टमय आणि तंतुमय द्रव्ये संपत जातात, मग ते प्रथिनांकडे वळतात, आणि ज्या जाती सावकाश वाढतात त्यांनाही टिकून राहण्यास पुरेसा वेळ मिळतो. बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात हजाराहून अधिक लोकांच्या मलाचा अभ्यास झाला आणि तो 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आहार, वय, औषधे अशा अनेक गोष्टींपेक्षा मलाच्या घट्टपणाचा जिवाणूंच्या रचनेशी असलेला संबंध अधिक ठळक दिसला. त्याच वर्षीच्या एका डॅनिश अभ्यासात, अन्न आतड्यातून पुढे सरकण्यास ज्यांना अधिक वेळ लागत होता त्यांच्या जिवाणूंमध्ये विविधता जास्त आढळली. विविधता जास्त म्हणजे आरोग्य उत्तम, असे जाहिरातींतून सांगितले जाते, तेव्हा मला हा निष्कर्ष हमखास आठवतो.

या गुंत्यावर सर्वांत उपयोगी प्रकाश, माझ्या मते, अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या 2016 च्या अभ्यासाने टाकला. त्यात जुनाट बद्धकोष्ठ असलेल्या 25 आणि निरोगी अशा 25 स्त्रियांच्या मलातील जिवाणू तर तपासलेच, शिवाय मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरावरचे जिवाणूही तपासले. मलातील जिवाणूंचा संबंध मुख्यतः अन्न पुढे सरकण्याच्या वेगाशी आणि आतड्यातले सूक्ष्मजीव तयार करतात त्या, श्वासातून बाहेर पडणाऱ्या मिथेन वायूशी निघाला. अस्तरावरच्या जिवाणूंचा संबंध मात्र, वेग कितीही असला तरी, बद्धकोष्ठ असण्याशी दिसून आला. कुरियरने घरी येणाऱ्या डबीतून जो नमुना आपण पाठवतो तो मलाचा असतो, अस्तराचा नव्हे. अर्थात अहवालातले रंगीत तक्ते बव्हंशी तेच सांगतात जे रुग्णाला आधीपासून ठाऊक असते : आतडे मंद चालते आहे.

याचा अर्थ जिवाणू निर्दोष ठरतात असा नाही. जिवाणूविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांचे आतडे मंद चालते, ही प्रयोगशाळेतली जुनी आणि पक्की माहिती आहे. शरीरातले सुमारे नव्वद टक्के सेरोटोनिन हे संदेशवाहक रसायन आतड्यातच तयार होते आणि आतड्याच्या हालचालीत त्याचा वाटा मोठा असतो. बीजाणू तयार करणारे काही जिवाणू आतड्यातील पेशींना ते तयार करण्यास उद्युक्त करतात, हे 2015 मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले गेले. मिथेनचे प्रकरण तर दोन्ही बाजूंनी बोलणारे आहे. मिथॅनोब्रेव्हिबॅक्टर स्मिथी हा सूक्ष्मजीव काटेकोर अर्थाने जिवाणू नव्हे, तो आर्किया नावाच्या वेगळ्या गटातला आहे. इतर जिवाणूंनी सोडलेला हायड्रोजन वापरून तो मिथेन तयार करतो, आणि प्राण्यांवरील प्रयोगांत मिथेनने आतड्याची गती कमी झालेली दिसली आहे. पण हा जीव स्वतः सावकाश वाढणारा असल्यामुळे मंद आतडे त्याला मानवते, हेही तितकेच खरे आहे. म्हणजे येथे कारण आणि परिणाम एकमेकांना खतपाणी घालत असण्याची शक्यता आहे.

अमुक जिवाणू कमी म्हणून अमुक कॅप्सूल घ्या, असे सांगणाऱ्यांविषयी मी साशंक असतो. बिफिडोबॅक्टेरिया आणि लॅक्टोबॅसिलस कमी असल्याचे अनेक अभ्यासांत आढळले. ब्युटिरेट हे आतड्याच्या पेशींना पोसणारे आम्ल तयार करणारे जिवाणू मात्र काही अभ्यासांत कमी, तर काहींत जास्त निघाले. जुनाट बद्धकोष्ठावरील अमेरिकन तज्ज्ञ संघटनांच्या 2023 च्या शिफारशींत प्रोबायोटिकांचा, म्हणजे अशा जिवंत जिवाणूंच्या कॅप्सूलांचा, समावेश नाही. तेथे पॉलिइथिलीन ग्लायकॉल, सेन्ना, लॅक्ट्युलोज अशी औषधे आहेत, आणि तंतुमय पूरकांपैकी विशेष उल्लेख आहे तो आपल्या इसबगोलाचा. इसबगोल पाणी धरून ठेवते आणि जिवाणूंना ते सहजासहजी पचत नाही, त्यामुळे ते आतड्याच्या शेवटापर्यंत टिकते. बद्धकोष्ठाच्या रुग्णांना इसबगोल दिल्यावर मलातले पाणी वाढले आणि त्याबरोबर जिवाणूंची रचनाही बदलली, असे 2019 च्या एका अभ्यासात दिसले. म्हणजे जिवाणू आधी दुरुस्त करावे लागतात असे नाही. मात्र इसबगोल भरपूर पाण्यासोबत घ्यावे. कोरडे किंवा घोटभर पाण्याबरोबर घेऊ नये.

ताक आणि नाचण्याची आंबील सोडावी का, असे विचारणाऱ्यांनी ती अवश्य प्यावी, फक्त औषध म्हणून तिच्यावर भिस्त ठेवू नये. जोंधळ्याची भाकरी आणि कुळीथ ताटातून मागे पडून पांढरा भात आणि मैद्याचे पदार्थ वाढले असतील, तर मोठ्या आतड्यातील जिवाणूंच्या वाट्याला येणारे अन्न घटते. तो बदल उलटा फिरवावा, पण हळूहळू, नाहीतर पोट फुगते.

तपासणीवरच खर्च करायचा असेल तर तो अन्यत्र करावा. थायरॉइडची कमतरता, लोहाच्या गोळ्या, वेदनाशामकांपैकी अफूवर्गीय औषधे, मधुमेह आणि पार्किन्सन ही कारणे डॉक्टर आधी पाहतात. आणि मलातून रक्त जाणे, वजन घटणे, किंवा पन्नाशीच्या सुमारास अचानक सवय बदलणे यांपैकी काही असेल तर दुर्बिणीची तपासणी टाळू नये. अनेक रुग्णांत मल गुदाशयापर्यंत नीट पोहोचलेला असतो, परंतु कुंथताना ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल होण्याऐवजी आवळले जातात. त्यांना ना कॅप्सूल पुरते ना इसबगोल. अशा वेळी गुदाशयातील दाब मोजतात, पाण्याने भरलेला छोटा फुगा बाहेर टाकता येतो का ते पाहतात, आणि बायोफीडबॅक नावाच्या प्रशिक्षणाने ते स्नायू योग्य वेळी सैल सोडण्यास शिकवतात.