गच्चीतला झेंडू गोधडीवर उतरतोय

गोधडीच्या वरच्या थराचे पट्टे रंगवून, वाळवून तयार आहेत. सुती कापडावर झेंडूचा इतका घट्ट पिवळा बसेल याची मला खात्री नव्हती. सगळं श्रेय हिरड्याचं!

आधी झाडांबद्दल. कलकत्ता गोंडा आणि मखमल, झेंडूच्या या दोन्ही प्रकारांची रोपं आषाढात केली. रोपं वीतभर झाल्यावर शेंडे खुडले, त्यामुळे बाजूच्या फांद्या फुटून दसऱ्याला भरपूर फुलं आली. ऑक्टोबरच्या उन्हात पानांच्या मागे लाल कोळी दिसायला लागली की सकाळी पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा मारायचा. माझ्याकडे तेवढ्यानेच ती आटोक्यात राहिली. तोरणं उतरवल्यावर पाकळ्या सोडवून सावलीत कडकडीत वाळवल्या. नीट न वाळलेल्या पाकळ्यांना डब्यात बुरशी येते.

आता रंगाचं. आईच्या जुन्या सुती नऊवारीचे पट्टे धुण्याचा सोडा घालून उकळले, म्हणजे खळ आणि तेलकटपणा निघून जातो. ही पायरी गाळली की रंग डागाडागांनी बसतो. मग १०० ग्रॅम कापडाला २० ग्रॅम हिरडा पूड, कोमट पाण्यात रात्रभर. सकाळी पिळून, न धुता वाळवायचं. त्यानंतर १५ ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून त्यात पुन्हा रात्रभर. रेशीम आणि लोकर तुरटी सहज धरतात, सूत धरत नाही. हिरड्यातलं टॅनिन, म्हणजे त्यातला तुरट घटक, धाग्याला चिकटतं, तुरटीतलं ॲल्युमिनियम त्या टॅनिनला धरतं आणि झेंडूचा रंग ॲल्युमिनियमला. ही साखळी एकदा समजली की प्रमाणं पाठ करावी लागत नाहीत.

कापडाच्या वजनाइतक्या वाळक्या पाकळ्या स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर शिजवल्या, पाणी गाळलं आणि ओलं कापड त्यात सोडून पाऊण तास हलवत राहिले. खळखळून उकळू दिलं नाही, कारण त्याने पिवळा मळकट होतो. रंग हळदीपेक्षा शांत आणि उन्हाला कितीतरी टिकाऊ.

दोन पट्टे मात्र गंजलेले खिळे आणि गूळ मुरवलेल्या पाण्यातून क्षणभर काढले. कलमकारीतला काळा रंग याच लोखंड-गुळाच्या पाण्याने येतो. इथे झेंडूच्या पिवळ्याचा सुंदर शेवाळी झाला. हे पाणी अगदी थोडं वापरायचं. लोखंड जास्त झालं की सुती धागा कालांतराने कुजतो. संपूर्ण गोधडीत मला हाच रंग सगळ्यात आवडतो, म्हणून तो कडेला न लावता मधल्या चौकात घेतला आहे.

शिवण सुरू झाली आहे. धावदोरा कडेकडून आत येतोय, आतले थर जुन्या धोतरांचे. उकळलेल्या पाकळ्यांचा चोथा कंपोस्टच्या बादलीत गेला, पण तुरटीचं पाणी झाडांना घातलं नाही, मातीत ॲल्युमिनियम नको. गोधडी धुताना रिठाच वापरणार.

मखमलीचं बी वेगळं काढून ठेवलंय. गोंड्याची रोपं संकरित बियांची होती, त्यांच्या बियांतून तशीच फुलं येतील असं नाही, म्हणून ते बी विकतच आणेन. सध्या खिडकीत डाळिंबाच्या साली वाळतायत. त्यांच्यातही टॅनिन भरपूर असतं, तेव्हा हिरड्याशिवाय निभावतं का, ते आधी एका चिंधीवर बघणार आहे.