लास वेगासचा रेंटल काउंटर आणि कार्डावरचा होल्ड : माझा अनुभव

अमेरिकेत गाडी घेऊन फिरायचं म्हटलं की सगळे व्हिसाबद्दल बोलतात, कुठलं पार्क आधी बघायचं ते सांगतात, थेपले किती न्यायचे तेही सांगतात. भाड्याच्या गाडीच्या काउंटरवर नेमकं कुठलं कार्ड चालतं, हे मात्र आम्हाला कुणीच धडपणे सांगितलं नाही. बुकिंग घेणाऱ्या वेबसाइटनेही नाही. त्या एका गोष्टीपायी आमचा पहिला दिवस वाया गेला आणि त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आम्ही चौघं होतो. मी, नवरा, कॉलेजात जाणारी मुलगी आणि सासूबाई. गाडी चालवणार मी एकटीच. नवऱ्याने गाडी चालवणं कधीच सोडून दिलंय आणि मुलगी पंचविशीच्या आतली. पंचवीसच्या आतल्या ड्रायव्हरसाठी तिकडे रोजचा जादा आकार लावतात, त्यामुळे तिचं नाव घातलंच नव्हतं. बेत असा की लास वेगासला उतरायचं, तिथून गाडीने युटातलं झायन नॅशनल पार्क, पुढे ॲरिझोनातलं पेज नावाचं गाव, ग्रँड कॅन्यन आणि फिरून वेगास.

आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढलं होतं. ते काम सहज झालं, वर्षभर चालतं. आपलं मूळ लायसन्स मात्र सोबत लागतंच, नुसत्या परमिटला काही किंमत नाही. आमच्याकडे काउंटरवर परमिट मागितलंसुद्धा नाही, लायसन्स इंग्रजीत आहे एवढं पाहिलं. तरी काढून ठेवा. नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत, आणि रस्त्यात पोलिसाने थांबवलं तर हातात असलेलं बरं.

वेगासला गाड्यांचे काउंटर विमानतळाच्या इमारतीत नाहीत. सगळ्या कंपन्या एका वेगळ्या इमारतीत आहेत आणि तिथे जायला फुकट शटल बस आहे. दुपारी आम्ही तिथे पोचलो. गाडीचं सगळं भाडं भारतातूनच भरलेलं, व्हाउचरची छापील प्रत हातात. मला वाटलं, सही करायची, किल्ली घ्यायची, निघायचं.

काउंटरवरच्या मुलीने डिपॉझिटसाठी कार्ड मागितलं. मी फॉरेक्स कार्ड दिलं. त्यावर व्हिसाची खूण होती, माझं नाव होतं, डॉलर भरलेले होते. तिने ते उलटसुलट करून पाहिलं, कोपऱ्यातल्या ‘प्रीपेड’ या बारीक अक्षरांवर नख ठेवलं आणि परत माझ्याकडे सरकवलं. चालणार नाही. मग नवऱ्याने स्वतःचं क्रेडिट कार्ड पुढे केलं. तेही चालणार नाही, कारण गाडी माझ्या नावावर आणि कार्डावर नाव त्याचं. आम्ही नवरा-बायको आहोत, पासपोर्टवर तसं लिहिलंय, हे सांगून झालं. ती अजिबात उद्धट नव्हती, पण नियम म्हणजे नियम. ज्याच्या नावावर गाडी, त्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड, आणि तेही प्रत्यक्ष हातात. फोनमधलं नको, फोटो नको.

व्हाउचरवर काय लिहिलं होतं? ‘ड्रायव्हरच्या नावाचं प्रमुख कंपनीचं कार्ड.’ मी ते नीट वाचलं होतं. फॉरेक्स कार्ड हे त्या वर्णनात चपखल बसतं. प्रीपेड चालत नाही हे लिहायला एक ओळ पुरली असती, आणि ती ओळ पैसे घेण्याआधी दाखवायला हवी होती. कंपनीचे नियम कंपनीकडे असू देत, पण परदेशातून येणाऱ्या माणसाकडून सगळे पैसे आधी घेऊन मग काउंटरवर हे सांगणं मला आजही अन्यायाचं वाटतं.

सुदैवाने नवऱ्याच्या खात्यावरचं एक अ‍ॅड-ऑन क्रेडिट कार्ड माझ्या नावाचं होतं. ते दिलं. मशीनवर ‘डिक्लाइन्ड’. पुन्हा तेच. ॲपमध्ये परदेशी वापर चालू केलेला होता. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नवं कार्ड फक्त देशांतर्गत वापरासाठीच चालू असतं, परदेशी वापर आपण स्वतः चालू करावा लागतो, ते सगळं आम्ही निघण्याआधीच केलं होतं. तरी बँकेच्या सुरक्षा यंत्रणेला अमेरिकेतून एकदम तीनशे डॉलरचा होल्ड संशयास्पद वाटला आणि तिने कार्ड अडवलं.

होल्ड म्हणजे काय ते इथेच सांगते, कारण पुढचा सगळा प्रवास त्याच्याभोवती फिरतो. कंपनी ते पैसे कापून घेत नाही, पण तेवढी रक्कम कार्डावर अडवून ठेवते. क्रेडिट कार्डावर तुमचं लिमिट तेवढ्याने कमी होतं. डेबिट किंवा फॉरेक्स कार्डावर कुणी होल्ड लावला तर तुमचे खरे पैसे अडकतात, आणि ते सुटेपर्यंत तुम्हाला वापरता येत नाहीत.

बँकेला फोन लावायचा तर १८०० चा नंबर तिकडून लागेना. कार्डाच्या मागे +९१ ने सुरू होणारा दुसरा नंबर असतो, तो लागला. वेगासला दुपारचे तीन म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेतीन. आधी भाषा निवडा, मग कार्डाचे शेवटचे आकडे, मग जन्मतारीख, मग संगीत. मागे रांग वाढत होती. काउंटरवरच्या मुलीने आम्हाला बाजूला व्हायला सांगितलं आणि पुढच्या माणसाला बोलावलं. सासूबाई मोठ्या बॅगेवर बसल्या होत्या. विमानात त्यांचा डोळा लागला नव्हता, पण तोंडातून एक शब्द काढला नाही. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

शेवटी माणूस आला. तुमच्या सुरक्षेसाठी व्यवहार थांबवलाय म्हणाला. पडताळणीसाठी नोंदणीकृत मोबाइलवर ओटीपी पाठवला म्हणाला. तो मोबाइल नवऱ्याचा, कारण मूळ कार्ड त्याचं. इथे एक गोष्ट आमच्या कामी आली: त्याचं भारतातलं सिमकार्ड रोमिंगवर चालू होतं. इंटरनेटसाठी ई-सिम वेगळं घेतलं होतं, पण जुनं सिम काढून ठेवलं नव्हतं. ते काढलं असतं तर तो ओटीपी पुण्यातल्या कपाटात येऊन पडला असता. म्हणून सांगते, स्वस्तातलं का होईना, रोमिंग घ्याच.

कार्ड सुटलं. पुन्हा रांगेत उभे राहिलो. या वेळी मशीन बराच वेळ फिरत राहिलं, मुलीने ते रद्द करून परत स्वाइप केलं आणि पावती निघाली. बँकेचे मेसेज मात्र दोन आले, दोन्ही मंजुरीचे. म्हणजे तीनशेचे दोन होल्ड. मी तिला फोन दाखवला. ती म्हणाली, पहिला आपोआप जाईल. तो आपोआप गेला नाही. आमची घरी परतायची वेळ झाली तरी गेला नव्हता. बँक म्हणे, व्यापाऱ्याने सोडला पाहिजे. कंपनी म्हणे, आमच्याकडे असा व्यवहारच नाही. असं झालं तर तिथून हलायच्या आधी रद्द केलेल्या व्यवहाराची छापील पावती आणि त्यावरचा मंजुरी क्रमांक मागून घ्या. मी मेलवर मागून मागून तो क्रमांक मिळवला, बँकेला पाठवला, तेव्हा कुठे पैसे मोकळे झाले.

यानंतर इन्शुरन्सचं बोलणं. दिवसभर दमलेला माणूस या टप्प्यावर कशालाही हो म्हणतो. आम्ही राहण्याचा देश भारत निवडून बुकिंग केलं होतं, आणि त्या दरात गाडीच्या नुकसानीचं आणि समोरच्याच्या नुकसानीचं, अशी दोन्ही कव्हर आधीच धरलेली होती. वेबसाइटवर देश चुकूनही अमेरिका ठेवू नका; दर कमी दिसतो, पण त्यात बहुधा ही कव्हर नसतात. काउंटरवर जे जादा विकतात, ते आपल्या व्हाउचरमध्ये आहे का हे ओळीवर बोट ठेवून दाखवायचं. मी दाखवलं. ती लगेच पुढच्या पानावर गेली.

निघालो तेव्हा उन्हं कलली होती. आता पुढची गंमत वाटावी अशी पण न वाटलेली गोष्ट: नेवाडातून युटात शिरलं की घड्याळ एक तास पुढे जातं. उशीर आधीच झालेला, त्यात हा तास. मुक्काम हरिकेन नावाच्या गावात होता. झायनच्या दाराशी स्प्रिंगडेल आहे, पण तिथले दर परवडेनात. हरिकेन थोडं अलीकडे, पलीकडच्या बाजूला केनॅब. दोन्हीकडे बऱ्यापैकी स्वस्तात खोली मिळते. लहान मोटेलांची ऑफिसं रात्री दहा-अकराला बंद होतात. उशीर होणार असं दिसताच वाटेतून फोन करून सांगा, नाहीतर आलाच नाहीत असं धरून खोली दुसऱ्याला देऊ शकतात. आम्ही सेंट जॉर्जहून फोन केला.

तिकडच्या मोटेलांपैकी कितीतरी गुजराती कुटुंबांची आहेत, हे ऐकून होते. हेही तसंच निघालं. ऑफिसच्या मागेच त्यांचं घर. दार उघडलं एका काकूंनी, साडीवर स्वेटर. त्यांनी आधी सासूबाईंना ‘आवो बा’ म्हणून खुर्ची दिली, मग आमच्याकडे बघितलं. खोलीच्या डिपॉझिटसाठी कार्ड मागितलं आणि ते चालेना. अ‍ॅड-ऑन कार्डाचं लिमिट मूळ कार्डाशी सामाईक असतं. दोन होल्ड आणि विमानाची तिकिटं यांनी ते संपवलेलं, म्हणजे नवऱ्याचं कार्डही निकामी. काकूंनी आमची गोष्ट हिंदीत ऐकून घेतली. भाडं फॉरेक्स कार्डावर घेतलं आणि डिपॉझिटचे शंभर डॉलर रोख. पावतीच्या वहीत कार्बन घालून लिहून दिलं, खाली सही केली, आणि फॉरेक्सवर डिपॉझिट का देऊ नये तेही समजावलं: भाडं कापलं की विषय संपतो, होल्ड लागला की आठवडा जातो. सकाळी निघताना नोटा मोजून परत दिल्या. त्या बाईंचे आभार मानावेत तेवढे थोडे.

पंपावरही हाच होल्ड भेटतो. मशीनमध्ये कार्ड घातलं की झिप कोड (तिकडचा पिनकोड) मागतं, आपल्या कार्डाला तो नसतो. आणि चाललंच तर शंभर डॉलर किंवा जास्तही अडकवून ठेवतं. आत दुकानात जायचं, पंपाचा नंबर सांगायचा, चाळीस डॉलर आधीच द्यायचे. कमी पेट्रोल बसलं तर उरलेले परत मिळतात. साध्या गाडीला ८७ आकड्याचं ‘रेग्युलर’ पुरतं. टाकी अर्धी झाली की भरा. युटात आय-७० या महामार्गावर ग्रीन रिव्हर ते सलायना शंभराहून जास्त मैल एकही पंप नाही. आम्ही त्या बाजूला गेलो नाही, पण पेजच्या आसपासही गावं लांब लांब आहेत आणि फोनला रेंज नसते, नकाशा आधीच उतरवून ठेवावा लागतो.

दुसऱ्या दिवशी झायन. मार्च ते नोव्हेंबर तिथल्या मुख्य दरीत खासगी गाडी नेता येत नाही, पार्कची बस घ्यायची. पूर्वेकडे जाणारा डोंगरातला बोगदा मात्र आपल्या गाडीने जाता येतो. १९३० साली पूर्ण झालेला, मैलाहून लांब, आत दिवे नाहीत, अधूनमधून खडकात खिडक्या. डावीकडे स्टिअरिंग, उजवीकडून चालणं, आणि तो अंधार. मी तो बोगदा पार केला आणि मागून सासूबाई म्हणाल्या, “चालवतेस छान.” पंचवीस वर्षांत माझ्या ड्रायव्हिंगबद्दल त्या पहिल्यांदाच बोलल्या.

पार्कांच्या पासाचं गणित आता बदललंय. १ जानेवारी २०२६ पासून वर्षभराचा पास अमेरिकेत राहणाऱ्यांना ८० डॉलर आणि परदेशी पाहुण्यांना २५० डॉलर. पास नसेल तर ग्रँड कॅन्यन, झायन, योसेमिटी, यलोस्टोन अशा ११ गर्दीच्या पार्कांत सोळा वर्षांवरच्या प्रत्येक परदेशी माणसामागे नेहमीच्या प्रवेशावर आणखी शंभर डॉलर. आमच्यासारखे चौघं असतील तर एकाच पार्कात पास वसूल होतो. ग्रँड कॅन्यनला राहायचं तर कड्याजवळचं ट्यूसायन महाग. विल्यम्स सुमारे साठ मैल लांब, पण स्वस्त आणि रूट ६६ या जुन्या प्रसिद्ध महामार्गावरचं.

पेजला अँटेलोप कॅन्यन या अरुंद खडकाळ घळीची टूर असेल तर वेळ नीट विचारा. उन्हाळ्यात युटा एक तास पुढे, ॲरिझोना घड्याळ बदलत नाही, पण त्यातलाच नावाहो या मूळ अमेरिकन लोकांचा प्रदेश बदलतो. फोन जवळच्या टॉवरप्रमाणे वेळ दाखवतो आणि टूरवाले पेजच्या वेळेने निघतात. आम्ही मुलीच्या मनगटी घड्याळावर ॲरिझोनाची वेळ लावून ठेवली आणि फक्त तेच पाहिलं.

गाडी परत करताना टाकी भरल्याची पावती, काट्यांचा आणि चारही बाजूंचा फोटो घेतला. आधीच्या होल्डच्या अनुभवाने मी एवढी सावध झाले होते की परतीची पावती मेलवर आल्याशिवाय शटलमध्ये चढलेच नाही.

आणि हो, इथली किटली किंवा छोटा राइस कुकर नेऊ नका. तिकडे १२० व्होल्ट असतात, आपल्या २३० च्या किटलीत पाणी तापायला फार वेळ लागतो. खोलीत बहुधा मायक्रोवेव्ह असतो, त्यात भात छान होतो.