तिठ्यावर आपण कुठे वळतो

चक्रव्यूहातले ठिपके खात भुतांपासून पळण्याचा पॅक-मॅन हा खेळ १९८० साली आला आणि त्यातील चार भुतांच्या वागण्याचा छडा लोकांनी कधीच लावला आहे. लाल भूत खेळाडूच्या चौकटीवर नेम धरते, गुलाबी त्याच्या चार चौकटी पुढच्या जागेवर, आणि नारिंगी तर आठ चौकटींच्या आत आले की आपल्याच कोपऱ्याकडे पळते. खेळणाऱ्याचे नियम मात्र कुणी लिहून ठेवलेले नसतात, म्हणून मी माझ्याच डावांतील प्रत्येक क्षणाची जागा आणि दिशा नोंदवून त्यांचे चित्र काढायचे ठरवले.

पहिला हीटमॅप (जिथे जास्त वेळ गेला तिथे गडद रंग, असा नकाशा) निराशाजनक निघाला. दर जिवाच्या सुरुवातीची चौकट लालबुंद आणि उरलेले सगळे फिकट. रंग लॉगरिदमच्या, म्हणजे मोठे आकडे दाबणाऱ्या, मापाने दिल्यावर बाकीच्या वाटा दिसू लागल्या, पण २४४ ठिपके खायचेच असल्यामुळे प्रत्येक गल्लीत जावेच लागते, आणि त्या नकाशात माझ्यापेक्षा चक्रव्यूहच अधिक दिसत होता.

खरी सवय वळणांत असते. त्यामुळे प्रत्येक तिठा आणि तेथे येण्याची दिशा मिळून एक स्थिती धरली, पुढे कोणती वाट किती वेळा घेतली याची सारणी केली आणि त्या संभाव्यतांची एन्ट्रॉपी, म्हणजे निवड किती अनिश्चित आहे याचे माप, काढली. मागे फिरणे धरून तिन्ही वाटा सारख्याच वेळा घेतल्या तर ती १.५८ बिट येते. दहापैकी नऊदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे वळल्यास जेमतेम ०.४७. ज्या तिठ्यावर चारच वेळा गेलो तेथे शून्य आले म्हणून ती सवय ठरत नाही, यासाठी प्रत्येक वाटेच्या मोजणीत आधीच एक मिळवून ठेवला. मग वाटेच्या संभाव्यतेइतका जाड बाण काढला.

तरीही चित्र गढूळच होते, कारण भुतांचे वागणे घड्याळावर बदलते: पहिल्या पातळीवर आधी ७ सेकंद ती आपापल्या कोपऱ्यांकडे जातात, मग २० सेकंद पाठलाग करतात, आणि असेच काही वेळा आलटून पालटून चालते. नोंदी या दोन काळांत विभागल्या आणि माझी चोरी पकडली गेली. भुते कोपऱ्यांत असतानाही माझे जाड बाण, कुणी मागे लागल्यासारखे, खालच्या मोठ्या ठिपक्यांकडेच (जे खाल्ले की थोडा वेळ भुतांनाच खाता येते) धावत होते. वरच्या अर्ध्या चक्रव्यूहाचा मधला भाग मोकळा असताना मी तिकडे क्वचितच फिरकलो होतो, आणि पाठलाग सुरू झाला की नेमका तिकडचाच ऐवज गोळा करायला निघत होतो.

आता पहिल्या ७ सेकंदांत मी मुद्दाम वर वळतो. तेथील तिठ्यांवरची एन्ट्रॉपी चांगली वाढली आहे, गुण अजून वाढलेले नाहीत.