सुतळी बॉम्ब, उदबत्ती आणि आठवी ब

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली की पहिले काही दिवस शिकवणं वगैरे काही होत नाही, कुठल्याही शिक्षकाला विचारा. पोरं अंगाने वर्गात असतात, बाकी सगळी अजून मामाच्या गावाला. त्यात ही गोष्ट नोव्हेंबर २०२४ ची, म्हणजे २० तारखेला विधानसभेचं मतदान आणि अर्धा स्टाफ इलेक्शन ट्रेनिंगला गेलेला, उरलेल्या आम्ही लोकांनी दोन-दोन वर्ग एकत्र बसवून कसंबसं चालवलेलं. आमची शाळा सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात, अनुदानित, पाचवी ते दहावी. मी गणित-विज्ञान शिकवते आणि त्या वर्षी आठवी ब माझ्या गळ्यात होती, पट ६४. सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक असं आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात लिहिलंय, आम्ही ते स्टाफरूममध्ये जोक म्हणून वापरतो.

तर मधल्या सुट्टीनंतरचा पहिला तास, माझा. फळ्यावर बहुपदींचा भागाकार. जेवून आलेली पोरं, निम्मी पेंगतायत, मागच्या दोन बाकांवर तोंड मिटून "हम्म्म्म" चालू. ज्यांनी कधी शिकवलंय त्यांना हा प्रकार माहीत असेल, तोंड कुणाचंच हलत नाही आणि आवाज सगळीकडून येतो, तुम्ही डावीकडे गेलात की उजवीकडे सुरू. मी लक्ष न देता पुढे गेले, कारण लक्ष दिलं की ते जिंकतात. आणि तेवढ्यात झालं. धडाम.

आवाज मुलांच्या मुतारीतून आला. फटाक्याला चार मीटरवर १२५ डेसिबलची मर्यादा आहे म्हणे, पण आमची मुतारी म्हणजे पत्र्याचं छत आणि चारी बाजूंनी फरशी, तिथे त्या मर्यादेला कोण विचारतंय. खिडक्या थरथरल्या, पाचवीच्या वर्गातून रडण्याचे आवाज, शिपाईमामांच्या हातचा चहा सगळा शर्टावर. आणि माझा वर्ग? एक सेकंद शांतता आणि मग टाळ्या, शिट्ट्या, "नाद खुळा!" ६४ पोरं खिडकीत.

आत कुणी नव्हतं हे नशीब. एक भांडं फुटलं, दाराची बिजागरी उखडली. कुणी आत असतं तर डोळा गेला असता, कान गेला असता, म्हणून हे सगळं मी आता मजेत लिहितेय तरी त्या वेळी हात कापत होते माझे, आणि मुख्याध्यापक सर भडकले त्यात त्यांची काही चूक नव्हती. चूक पुढे सुरू झाली.

सर ऑफिसमधून बाहेर आले ते एकच वाक्य बोलत, "डीजेला आणा."

डीजे म्हणजे माझ्या वर्गातला एक मुलगा. ऑफ तासाला बाकावर असा ठेका धरतो की शेजारच्या वर्गातली पोरं नाचायला लागतात, म्हणून हे नाव. शाळेत एक शिस्तीची नोंदवही आहे, ती उघडली तर दर दुसऱ्या पानावर तोच. बाक वाजवणे, तासाला बाहेर फिरणे, उलट बोलणे, सायकलची हवा सोडणे. गुणी मुलगा आहे असं मी अजिबात म्हणणार नाही, त्याने माझेही कितीतरी तास खाल्लेत. पण त्या दिवशी स्फोट झाला तेव्हा तो पहिल्या बाकावर, माझ्या समोर हाताच्या अंतरावर बसलेला होता, मीच बसवलेला, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त दचकला तो.

मी हे सांगितलं. "सर, तो माझ्यासमोर होता." तोपर्यंत मामांनी मुतारीतून अर्धवट जळलेल्या उदबत्तीचा तुकडा शोधून आणला होता. आता ज्यांचं बालपण शहरात गेलं त्यांच्यासाठी सांगते, सुतळी बॉम्बची वात उदबत्तीच्या मधोमध बांधायची, उदबत्ती टोकाला पेटवायची आणि आपण शांतपणे जाऊन वर्गात बसायचं. साधी उदबत्ती पुरी जळायला अर्धा-पाऊण तास घेते, त्यामुळे बॉम्ब फुटतो तेव्हा तुम्ही हजेरीत "हजर सर" म्हणत असता. झालं, पर्यवेक्षक म्हणाले, "बघा मॅडम, डोकं किती चालतं त्याचं, तुमच्यासमोर बसून उडवला." म्हणजे तो तिथे नव्हता हाच त्याच्याविरुद्धचा पुरावा! मी गणिताची शिक्षिका आहे, असलं लॉजिक मला वर्गात कुणी दिलं असतं तर भोपळा दिला असता.

सीसीटीव्ही बघा म्हटलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेतलं चिमुरड्या मुलींवरच्या अत्याचाराचं प्रकरण झालं आणि मग कॅमेऱ्यांची जी धावपळ झाली त्यात आमच्याकडेही बसले होते, एक त्या बोळाकडे तोंड करून. बघितलं. मधल्या सुट्टीत अख्खी मुलांची शाळा त्या बोळातून गेलेली, पाण्याचे नळ तिकडेच आहेत. त्यात डीजेही होता. "हा बघा!" सर म्हणाले. त्याच्या मागे-पुढे तीस-चाळीस पोरं होती पण स्क्रीनवर बोट एकावरच.

त्याच्या वडलांना फोन गेला. ते मार्केट यार्डात हमाली करतात, तासाभरात आले, अंगावर पोत्यांची धूळ तशीच. ऑफिसमध्ये उभे राहिले, बसा कुणी म्हटलं नाही. सरांनी सांगितलं, नोंदवहीची पानं दाखवली, फुटलेलं भांडं दाखवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पोराला एक अशी ठेवून दिली की मी दाराशी होते मला ती ऐकू आली. पोरगं "मी नाय केलं" एवढंच म्हणत होतं. सर म्हणाले, "इथे नको, घरी घेऊन जा, दोन दिवस पाठवू नका."

आरटीई कायद्याच्या १७व्या कलमात शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे, आमच्या स्टाफरूममध्ये त्याचं पोस्टर आहे. म्हणून आम्ही हात उचलत नाही. बापाला बोलवतो.

संध्याकाळी मीटिंग झाली. जे होते तेवढे. विषय एकच, दाखला देऊन टाका. मग कुणीतरी आठवण करून दिली की आठवी आहे, देता येत नाही. १६वं कलम, प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही; २०१९ मध्ये पाचवी-आठवीत नापास करण्याची मुभा आली पण काढण्याची बंदी तशीच राहिली. त्यावर एक सीनियर सर जे म्हणाले ते मी कित्येक शाळांमधल्या लोकांकडून ऐकलंय, "चार महिने काढा, नववीत बघू." नववीला हे संरक्षण संपतं ना. मग पालकांना बोलवून गोड बोलून त्यांच्याकडूनच अर्ज लिहून घ्यायचा, दुसऱ्या शाळेत घालतो म्हणून. आणि दाखल्यावर वर्तणूक या रकान्यात लिहायचं "चांगली". सगळ्यांच्याच लिहितात. ज्या वर्तणुकीसाठी काढला ती चांगली, कारण वाईट लिहिलं तर दुसरी शाळा घेणार नाही आणि मग तो आपल्याकडेच राहील.

हे वाचून कुणी म्हणेल की शिक्षक किती निर्दयी. तसं नाहीये हो. छडी गेली, चांगलंच झालं, मी स्वतः छडी खाऊन शिकलेय आणि त्यातून मला फक्त छडीची भीती शिकायला मिळाली. पण छडीच्या जागी काय? समुपदेशक आमच्या शाळेत नाही. एक दिवसाचं ट्रेनिंग झालं, त्यात पीपीटी होती, जेवण चांगलं होतं. वर्गात ६४ पोरं आणि त्यातली तीन-चार रोज तास उधळतात आणि बाकीची साठ बिचारी वाट बघतात कधी शिकवणार म्हणून, त्या साठांच्या आईबापांनी काय करायचं? सीनियर सरांचा तो वैताग खोटा नव्हता. माझं भांडण वेगळ्या गोष्टीशी होतं, या पोराने हे केलंय हे आपल्याला कळलं कसं?

दुसऱ्या दिवशी वर्गात मी सरळच प्रश्न टाकला. उदबत्ती एक सेंटिमीटर जळायला किती वेळ लागतो? म्हटलं ज्याला माहीत तो सापडेल. अहो, अर्धा वर्ग ओरडला! "दोन मिनिटं मॅडम", "नाय नाय, जाड असली तर तीन", "वारा असला तर लवकर जळती". एकाने तर वात कुठे बांधायची त्याची आकृती काढून द्यायची तयारी दाखवली. मुलींनासुद्धा माहीत. संशयित एकदम पस्तीस झाले. गुणोत्तर-प्रमाणाचा इतका जिवंत तास माझ्या नोकरीत झाला नाही हे मात्र खरं.

सुगावा लावला तो मामांनी. त्यांनी तो तुकडा टाकला नव्हता, पुडीत बांधून ठेवला होता. म्हणाले, "मॅडम, वास घ्या." जाड काळी उदबत्ती, चांगल्यातली, मसाल्याची. "ही दुकानातल्या दहाच्या पुड्यातली नव्हं. ही आपल्या हापिसातली." खंडेनवमीला सरस्वतीपूजनासाठी आणलेला मोठा पुडा, तो ऑफिसच्या कपाटात असतो आणि रोज परिपाठाच्या आधी फोटोपुढे त्यातली एक लावतात. लावतं कोण? त्या महिन्यात आमच्या वर्गाकडे परिपाठ. कपाटाला हात लावायची परवानगी असलेला मुलगा एकच, वर्गाचा मॉनिटर. डीजेला तर ऑफिसमध्ये फक्त उभं राहायला बोलवतात.

मॉनिटरला मी प्रयोगशाळेत एकट्याला बोलावलं, उदबत्तीचा तुकडा टेबलावर ठेवला, काहीच विचारलं नाही. तो तिथेच रडायला लागला. क्लासमधल्या पोरांनी चिडवलं होतं, तू नुसता पुस्तकी किडा, तुझ्यात दम नाही. पैज लागली. "मॅडम पप्पांना सांगू नका." मी विचारलं, काल त्याच्या वडलांनी त्याला मारलं तेव्हा तू कुठे होतास? ऑफिसच्या बाहेर, हजेरीपट द्यायला आला होता. सगळं बघितलं होतं त्याने.

आता सरांकडे गेले. आणि इथे जे झालं त्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलेय. सर बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "हुशार पोरगं आहे हो. फेब्रुवारीत स्कॉलरशिपची परीक्षा आहे, आपल्या शाळेचा एक नंबर लागला तर तोच लावेल." मग म्हणाले, "या वयात होतं असं." मग म्हणाले, "आणि तसंही मुलांना मानसिक त्रास होईल असं काही करता येत नाही, कायदा आहे." कालपर्यंत ज्या कायद्याने हात बांधले होते तो आज एकदम पाठीशी उभा! तोच बॉम्ब, तीच मुतारी, तीच आठवी ब. पर्यवेक्षक सर हळूच म्हणाले की शास्त्रीय डोकं आहे मुलाचं. काल ते "गुन्हेगारी डोकं" होतं.

मॉनिटरचे वडील पतसंस्थेत साहेब आहेत. ते दुसऱ्या दिवशी त्यांच्या सवडीने आले, खुर्ची दिली, चहा आला. माणूस वाईट नाही हां, त्यांनी भांड्याचे आणि दाराचे पैसे स्वतःहून काढून ठेवले आणि पोराला पाचवीच्या वर्गात जाऊन माफी मागायला लावली, ते मला आवडलं. मॉनिटरपद काढा हे मी लावून धरलं तेव्हा सर नाराज झाले पण काढलं. दोन दिवस घरी वगैरे काही नाही. अभ्यास बुडतो ना.

राहिला डीजे. त्याच्या घरी फोन करून सांगायला हवं की त्याने केलं नव्हतं, यावर सर म्हणाले, "येईल तेव्हा कळेलच की." मग मीच केला. वडील यार्डात होते, मागे लिलावाचा गोंगाट. मी सगळं सांगितलं. पलीकडून काही वेळ नुसता लिलाव ऐकू येत होता. मग ते म्हणाले, "मॅडम, मग त्या दोन दिवसाची हजेरी लावा त्याची. गैरहजर नका लिवू." बुडलेल्या मजुरीबद्दल एक शब्द नाही, सरांबद्दल नाही, मारल्याबद्दल नाही. हजेरीपटात तसं करता येत नाही, खाडाखोड चालत नाही, पण मी शेरा लिहिला की शाळेच्या सांगण्यावरून घरी, आणि खाली सही केली.

नोंदवहीचं मात्र भांडावं लागलं. "मुतारीत स्फोटक पदार्थ फोडला" अशी त्याच्या नावाची नोंद होती. क्लार्क म्हणाले पान फाडता येत नाही. नका फाडू, खाली लिहा की चौकशीअंती ही नोंद चुकीची आढळली. सरांची सही हवी. सर तीन दिवस "बघू" म्हणत होते, शेवटी इलेक्शनचं साहित्य घ्यायला निघायच्या घाईत त्यांनी माझ्याकडे न बघता सही ठोकली. का एवढा आग्रह, असं एका मैत्रिणीने विचारलं. अगं, नववीत दाखला द्यायची वेळ येईल तेव्हा हीच वही उघडणार आहेत ना, आणि त्यात एक नोंद तरी अशी असू दे की जी वाचून समोरच्याला बाकीच्या नोंदींबद्दलही शंका येईल.

डीजे परत आला तेव्हा वर्गाने त्याचं स्वागत बाकं वाजवून केलं, पाच मिनिटं, मी वाजवू दिली. मॉनिटर त्याच्याशी काय बोलला मला माहीत नाही, डबा खाताना दोघं एकदा एकत्र दिसले, एकदाच. आणि पुढच्या आठवड्यात मी फळ्याकडे तोंड करून उभी असताना मागून अशी काही शिट्टी आली की खडू मोडला. वळून बघितलं तर डीजे, ओठांचा चंबू तसाच, बोट अजून तोंडात. या वेळी सीसीटीव्हीची गरज नव्हती. ती नोंद मी स्वतःच्या हाताने केली, तारीख, तास, सही सगळं, आणि त्यालाही वाचायला दिली. त्याने वाचली आणि म्हणाला, "ही बरोबर आहे मॅडम."